आधी जोडलेलं खातं

फोनचं म्हणणं असं होतं की तो तिचा नाही. शब्द अर्थातच सभ्य होते. पांढऱ्या पडद्यावर मधोमध दोन ओळी: हा फोन रीसेट केला गेला आहे, पुढे जाण्यासाठी या फोनवर आधी जोडलेल्या खात्याने साइन इन करा. तिने स्वतःचा ईमेल टाकला, पासवर्ड टाकला. बारीक चक्र फिरलं, थांबलं, आणि लाल अक्षरं आली. हे खाते या फोनच्या मालकाचे नाही. शनिवारची सुट्टी होती, नवरा कॉलेजात शिकवायला गेला होता, फ्रिजची घरघर सोडली तर घरात आवाज नव्हता, आणि जेवणाच्या टेबलाशी ती एकटीच बसली होती. तरी तिला वाटलं, चारचौघांत कुणीतरी आपल्याला हात धरून थांबवलं. सहा वर्षं हा फोन तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात राहिला होता. काचेच्या कोपऱ्यातला तडा तिच्या हातून गेलेला होता, बाजूच्या बटणाचा रंग तिच्या अंगठ्याने उडवला होता, वडील गेल्याचं तिने याच फोनवरून एकेकाला सांगितलं होतं. आणि आता हा, आपण जिथे उभी हयात काढली त्या इमारतीच्या नव्या पहारेकऱ्यासारखा विचारत होता, कुणाकडे जायचंय बाई? "तुझ्याकडेच, मेल्या," ती मोठ्याने म्हणाली, आणि आपण फोनशी बोललो हे ध्यानात येऊन आणखीच चिडली.

फोन आईसाठी होता. आईचा बटणांचा फोन आता खरखरण्यापुरताच उरला होता, पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण दादा होता, तिचा मोठा भाऊ, जो दुसऱ्या शहरात राहायचा आणि तिथून काळजी करायचा. गेल्या आठवड्यात एका दुपारी आई घराबाहेर पडली ती अंधार पडेपर्यंत आलीच नाही. शेजारणीने दादाला कळवलं, दादाने हिला, ही प्रयोगशाळेतला पांढरा कोट न काढता तशीच धावत गेली, आणि आई एकेक पायरी मोजल्यासारखी जिना चढून आली, दारातली माणसं बघून म्हणाली, "काय झालं? कोण गेलं?" कुठे होतीस, तर फिरायला. कुठे फिरायला, तर अशीच. त्यापलीकडे एक अक्षर नाही. त्या रात्री दादाने फोनवर निकाल देऊन टाकला. "हे बघ, तिच्या हातात असा फोन दे की ती कुठे आहे ते आपल्याला दिसेल. नाही जमलं तर पुढच्या रविवारी मी गाडी घेऊन येतो आणि तिला इकडे घेऊन जातो. खोली तयार आहे." आई त्या खोलीत एकदा राहून आली होती. परत आल्यावर म्हणाली होती, "खोली छान आहे गं. पण खिडकी उघडली की तो विचारतो, उकडतंय का." एवढंच. आईने आयुष्यात कधी कशाबद्दल एवढी कडक तक्रार केल्याचं तिला आठवत नव्हतं. तो पुढचा रविवार उद्यावर आला होता, नवा फोन घेतल्यामुळे हा जुना रिकामा झाला होता, आणि जुना फोन मालक कोण म्हणून अडून बसला होता.

ती वजनकाटे तपासायची. औषधांच्या दुकानांतले, सोनारांचे, कारखान्यांचे काटे आणि तापमापक तिच्या प्रयोगशाळेत येत, आणि ते खरं बोलतात की नाही याचा निवाडा ती करायची. तिथला पहिला धडा असा की काटा एका हातातून दुसऱ्या हातात द्यायचा तर आधी शून्यावर आणायचा. आणि तेही त्याच्या पडद्यावरचा मेनू वापरून नाही, कारण ज्याची तपासणी चाललीय त्याचीच साक्ष धरायची नसते. मागचं बटण दाबून, आतून. वीस-पंचवीस वर्षांत ही सवय बोटांत मुरली होती. म्हणून सकाळी तिने फोन बंद केला, बाजूची दोन्ही बटणं एकदम दाबून धरली, काळ्या पडद्यावर किड्यामुंग्यांसारखी अक्षरं आली त्यांतून "सर्व पुसा" निवडलं, आणि समाधानाने हात झटकले. आता अडल्यावर ती प्रयोगशाळेतल्यासारखीच कामाला लागली. वायफाय बदललं. सिम काढलं. आईचं सिम घातलं. तारीख चुकली होती, ती सुधारली. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची, कारण दोन एकदम बदलल्या तर कशाने काय झालं ते कळत नाही. कशानेच काही झालं नाही. मग तिने नव्या फोनवरून कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला, बराच वेळ बासरीसारखं काहीतरी ऐकलं, आणि एक तरुण आवाज म्हणाला, "मॅडम, मी तुमची अडचण समजू शकतो."

"नाही समजू शकत. माझा फोन मला आत घेत नाहीये."

"हो मॅडम. त्यासाठी तुम्ही फोनच्या मालकाशी संपर्क साधा."

"मी मालक आहे."

"सिस्टिमला तसं दिसत नाहीये, मॅडम."

"तुमच्या सिस्टिमला डोळे नाहीत. मला आहेत. मी बघतेय ना त्याच्याकडे!"

"अजून काही मदत करू शकतो का, मॅडम?" आवाजाने त्याच सुरात विचारलं, आणि तिने फोन ठेवला. अजून काही! ताटात काही वाढलं नाही आणि विचारतोय, अजून काही हवं का. ती चपला घालून पुलापलीकडच्या कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात गेली. दुकान म्हणजे दोन इमारतींमधली फट. आत कपाळावर भिंग चढवलेला माणूस एका उघड्या फोनच्या पोटात चिमटा घालून बसला होता. त्याने मान वर न करता तिचा फोन घेतला, ओळ वाचली, आणि विचारलं, "कुणाचा?"

"माझा."

"तसं सगळेच म्हणतात." हसला, पण वाईट हसला नाही. "बटणं दाबून पुसलात ना? तिथेच फसलं. आत सेटिंगमधून पुसला असतात तर एकदा विचारून त्याने सोडलं असतं. बाहेरून बटणं दाबून कोण पुसतं? चोर. म्हणून तो दार लावून घेतो."

"मी चोर दिसते?"

"तुम्ही नाही दिसत. पण त्याला कुठे काय दिसतं?" मग आवाज जरा उतरवून, "तोडून देऊ का? अर्ध्या तासाचं काम. कुणाला कळायचं नाही."

"कळलं तर काय होईल? माझा फोन आहे!"

"मग चिडता कशाला?"

यावर ती जास्तच चिडली. स्वतःच्या घरात खिडकीची काच फोडून शिरायचं, आणि तेही गुपचूप, जणू काही आपणच चोर. तिने हात पुढे केला. त्याने फोन परत दिला आणि भिंग डोळ्यावर ओढत म्हणाला, "फोन नवा होता तेव्हा सुरू कुणी करून दिला होता, ते आठवा. दुसरं खातं बहुतेक वेळा घरातच सापडतं."

सुरू नवऱ्याने करून दिला होता. त्यात आठवण्यासारखं काही नव्हतं, घरातलं सगळंच तो सुरू करून द्यायचा. टीव्ही, वायफाय, विजेच्या बिलाची ती भानगड. त्या संध्याकाळी ती अहवाल पुरा करत होती, आणि तो सोफ्यावर मांडी घालून नव्या खोक्याचं प्लास्टिक सोलत म्हणाला होता, "तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस, देतो मी लावून." तिला तेव्हा बरंच वाटलं होतं. पुढे तिने त्यात आपला ईमेल घातला, फोटो घातले, माणसं घातली, आणि घरात सामान लावलं की घर आपलं होतं तसा फोन आपला झाला असं धरून चालली. परत येताना पुलावरून वळताना तिला एकदम हेही वाटलं की आपण नवऱ्यावर उगाच तापतोय. बाकी काही म्हणा, तो माणूस लक्ष देणारा होता. तिच्या मैत्रिणी नवऱ्यांची गाऱ्हाणी सांगत तेव्हा तिच्याकडे सांगायला एकच गोष्ट असायची, आणि ती गाऱ्हाणं नसायची: त्याचं कॉलेज दुपारीच सुटायचं, आणि संध्याकाळी ती कामावरून यायची तेव्हा चहा तयार असायचा. तयार म्हणजे करून ठेवलेला नाही, त्याच क्षणी गाळलेला. कधी ती वेळेवर येई, कधी यंत्र बिघडून दोन तास उशिरा, कधी डोकं दुखतं म्हणून लवकर, पण दार उघडावं आणि आत चहाचा वास असावा, कप वाफाळत असावा, हे चुकायचं नाही. "कसं कळतं रे तुला?" ती पहिल्यापहिल्यांदा विचारायची. "कळतं," तो म्हणायचा. आणि ती, जिने आयुष्यभर पुराव्याशिवाय एक काटा पास केला नव्हता, ती हे उत्तर पास करत आली होती. लग्नाला वर्षं झाली की दोन माणसांत एक तार जुळते, असं ती मानायची. म्हणजे कुणाजवळ बोलली नसती, पण मानायची. त्याच्या अंगाला, पाठीला, कशाला तरी माझी चाल कळते. हे मोजता येत नाही म्हणूनच ते तिला फार आवडायचं.

नवरा जेवायच्या वेळेला आला. बूट काढता काढताच त्याने सगळं ऐकलं आणि हसायला लागला. "अगं, माझं खातं आहे ना त्यावर. मला आधी नाही का विचारायचंस?"

"तू वर्गात होतास."

"मग थांबायचंस. साऱ्या गावाला विचारून आलीस, घरातल्या माणसाला सोडून. द्या इकडे, काटेबाई." काटेबाई हे त्याने तिला लग्नानंतर लगेच ठेवलेलं नाव होतं. त्याने एका बोटाने टकटक अक्षरं मारली, त्याच्या खिशातला फोन थरथरला, तुम्हीच आहात का असं त्या फोनने विचारलं असावं, कारण "मीच, मीच," असं म्हणत त्याने होकाराचं बटण दाबलं. आणि तिचा फोन उघडला. सकाळपासून तिने जे जे केलं ते, ते एक-एक गोष्ट बदलणं, ती बासरी, ते दुकान, सगळं त्या टकटकीपुढे लहान मुलाच्या खटपटीसारखं दिसलं. "थांब, आता माझ्या यादीतून काढूनच टाकतो, म्हणजे पुन्हा अडवणार नाही," तो म्हणाला, आणि आपला फोन त्याने टेबलावर तिच्यासमोर धरला. तिचं लक्ष गेलं ते पडद्याच्या खालच्या ओळीकडे. रोज लागणाऱ्या चार गोष्टी जिथे ठेवतात ती ओळ. कॉल, मेसेज, कॅमेरा, आणि चौथं एक हिरवं गोल चिन्ह, जे तिने आजवर पाहिलं नव्हतं. त्याने तेच दाबलं. नकाशा आला. त्यांचा रस्ता, त्यांची इमारत, आणि इमारतीवर जवळजवळ एकमेकांवर बसलेले दोन ठिपके. राखाडी ठिपक्याखाली लिहिलं होतं, काटेबाई जुना. हिरव्याखाली नुसतं, काटेबाई. त्याखाली बारीक अक्षरांत, आत्ता. तिचा नवा फोन मिठाच्या बाटलीशेजारी पडला होता. गेल्या आठवड्यात तोही त्यानेच लावून दिला होता.

"हे काय आहे?"

"कुठे काय? फोन हरवला तर सापडावा म्हणून असतं ते."

"हरवला होता कधी?"

"नाही ना. तेच तर."

"मग हे खालच्या ओळीत कशाला?"

फळ्यावरची चूक मागच्या बाकावरच्या मुलीने दाखवावी तसं क्षणभर त्याचं झालं. मग तो हसला, जरा लाजल्यासारखा. "चहासाठी," तो म्हणाला. "तू पुलावरून वळलीस की आधण ठेवतो. तू वर येईपर्यंत होतो बरोबर." आणि तिच्याकडे असा बघत राहिला की जणू इतकी वर्षं जपलेली भेटवस्तू आज तिच्या हातात ठेवली.

तिला आधी राग आला तो स्वतःचा. कधीच न चुकणारा काटा दिसला की आपण काय करतो? संशय घेतो. खरा काटा थोडा थरथरतो, उष्म्याने सरकतो, दहा वेळा तेच वजन ठेवलं तर दहाव्यांदा केसभर वेगळं सांगतो. जो कधीच चुकत नाही त्याला कुणीतरी मागून उत्तर सांगत असतं. हे ती नव्या माणसांना पहिल्याच आठवड्यात शिकवायची. इतक्या वर्षांत एकदाही चहा निवला नाही, एकदाही उकळायचा राहिला नाही, आणि तिला काही वाटलं नाही! तिने त्या चहाला अंदाज समजून जीव लावला, आणि ते पडद्यावरचं वाचन होतं. तो दाराआड कानोसा घेत उभा असेल असं तिने मनाशी धरलं होतं, आणि तो ओट्याशी उभा राहून एका ठिपक्याला पूल ओलांडताना बघत होता. तार, पाठ, चाल! तिच्या चालीचा त्यात काही संबंधच नव्हता. पर्सचा होता. आणि मग, नको नको म्हणताना, ती दुपार आली. पाचेक वर्षांपूर्वीची. काहीही झालं नव्हतं त्या दिवशी. कुणी आजारी नव्हतं, कामावर कुणी बोललं नव्हतं. तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि शहराबाहेरच्या तळ्याकडे जाणाऱ्या बसमध्ये चढली. तळ्याच्या काठावर चपला काढून, पाण्यात पाय सोडून संध्याकाळपर्यंत बसली. पाण्यावरचे किडे बघत राहिली. ते बुडत का नाहीत ते तिला शाळेपासून माहीत होतं, तरी बघत राहिली. असं का केलं याचं कारण तिने शोधलं नाही, कारण तिच्या सगळ्या आयुष्यात कारण नसलेली तेवढी एकच गोष्ट होती, आणि ती तिला तशीच हवी होती. घरी आल्यावर म्हणाली, काम निघालं. चहा तयार होता. आणि नवऱ्याने कप पुढे करत म्हटलं होतं, "पाय गार पडले असतील तुझे." तिला तेव्हा भरून आलं होतं. न सांगताही किती कळतं याला, असं वाटून ती स्वयंपाकघरात पाठ करून उभी राहिली होती, डोळे दिसू नयेत म्हणून.

"तळ्यावर गेले होते ते बघितलंस तू," ती म्हणाली.

त्याने कुठलं तळं म्हणून विचारलं नाही. खुर्ची ओढून बसला. "काळजी वाटली. तास-दोन तास ठिपका हलेना. मी निघणारच होतो, बूटही घातले होते, तेवढ्यात हलला."

"मग विचारलं का नाहीस?"

"तू सांगितलं नाहीस. म्हटलं, असेल काही. तुझं तुझ्यापाशी राहू दे."

"पण माझ्यापाशी होतं कुठे ते?"

त्याने आपला फोन टेबलावर पालथा ठेवला. मग म्हणाला, "मी कधी टोकलं तुला? कधी विचारलं, कुठे होतीस, कुणाबरोबर होतीस?"

"नाही. विचारायला लागतच नव्हतं तुला. काय गरज?"

"एवढं काय केलं गं मी? एक चहा तर गरम दिला."

हे खरं होतं, आणि त्यामुळेच तिला टेबलावरचं काहीतरी उचलून आपटावंसं वाटलं. त्याने काही वाईट केलं असतं तर किती सोपं झालं असतं. संशय घेतला असता, मागे आला असता, भांडला असता. तो नुसता बघत होता, मायेने, खिडकीतल्या कुंडीकडे बघावं तसा, आणि कुंडीला कुणी सांगत नाही की आम्ही बघतोय. तिच्या नव्या फोनकडे त्याने हात केला. "काढून टाकू का यातूनही? आत्ता काढतो. तू म्हणशील तसं." म्हणशील तसं! म्हणजे हेही तोच काढणार, आणि काढलं हेही त्यालाच माहीत असणार. "राहू दे," ती म्हणाली. तो आता दुखावला होता. आवाज न चढवता म्हणाला, "आणि आईंच्या फोनवर तू कुणाचं खातं टाकणार होतीस?"

तिने जुना फोन उचलला आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावलं. पलंगाच्या कडेवर बसून तिने, दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे, सेटिंगमधून फोन पुन्हा पुसला. या वेळी त्याने एकदा विचारलं, नक्की ना, आणि मुकाट्याने रिकामा झाला. पडद्यावर नमस्कार आला. त्याखाली, खाते जोडा. तिचं बोट आपसूक ईमेलच्या चौकोनावर गेलं आणि तिच्या नावाची पहिली तीन अक्षरं टाइप होऊन गेली. ती अक्षरं बघत बसली. सगळं ठरलेलंच तर होतं. दादा आणि ती, दोघांनी मिळून ठरवलं होतं. तुझंच खातं टाक, दादा म्हणाला होता, म्हणजे आपल्या दोघांना दिसेल, आणि तिला कशाला सांगायचं, उगाच घाबरेल. आणि तिनेही म्हटलं होतं, हो, तिला कशाला डोक्याला ताप. अगदी हेच शब्द. उद्यापासून प्रयोगशाळेत दुपारी जरा रिकामा वेळ मिळाला की ती बघणार होती, आई कुठवर पोचली. आणि संध्याकाळी फोन करून म्हणणार होती, आज दमलीस वाटतं. आणि आई म्हणणार होती, किती कळतं गं तुला न सांगता. तिने ती तीन अक्षरं एकेक करून पुसली. राग कमी झाला नाही. उलट आता त्याला बसायला जागाच राहिली नाही, तो घरभर फिरत राहिला. बाहेर येऊन तिने चपला घातल्या. नवऱ्याने विचारलं, "जेवणार नाहीस?" "आईकडे जाते," ती म्हणाली, आणि नवा फोन मिठाच्या बाटलीशेजारीच ठेवून जिना उतरली.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. पर्समध्ये कुणाचाच नसलेला फोन होता. घरच्या नकाशावर हिरवा ठिपका टेबलावर बसून राहिला असणार, आणि ती तिथे नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती कुठेच नव्हती. याचा आनंद व्हायला हवा होता, पण बस पुलावर आली तशी तिने सवयीने पर्स चाचपली आणि तिच्या मनात आलं: आत्ता काही झालं, बस उलटली, तर? मग तिला त्या भीतीचाही राग आला. ही भीती आपली आहे की लावून दिलेली आहे? बस वळली तेव्हा तिने खिडकीतून पाहिलं, नेहमीच्या वळणाकडे. आज त्या वळणावर कुठल्याही ओट्यावर आधण चढत नव्हतं.

आई जुन्या पडद्याची शिवण उसवत बसली होती. भिंगांचा चष्मा नाकावर, मांडीवर दोऱ्यांचा गुंता. "आणलास? चालतोय का?"

"चालतोय. पण रिकामा आहे. यात तुझं खातं उघडायचंय."

"माझं कशाला? तुझंच घाल की. माझं काय जातंय त्यात?"

"तुझंच जातं त्यात," ती इतक्या तीव्रतेने म्हणाली की आईने कात्री खाली ठेवली.

"रागावतेस कशाला? कुणी काही बोललं का?"

मग तिने सगळं सांगितलं. नवऱ्याचं नाही; ते तिला अजून नीट उचलता येत नव्हतं. फोनचं सांगितलं. ज्याचं खातं त्याला दिसतं, तू घरी आहेस, रस्त्यात आहेस, कुठे किती वेळ बसलीस. दादाला ते दिसायला हवंय. नाही दिसलं तर उद्या गाडी घेऊन येणार, तुला त्या खोलीत न्यायला. आणि हे आम्ही तुला न सांगता करणार होतो, दोघं. आईने मान खाली घालून ऐकलं. मग एक लांब दोरा चिमटीत धरून हळूच ओढला. पडद्याची शिवण भराभर उसवत गेली.

"मला कुणी विचारलंच नाही की," ती म्हणाली.

"मी विचारतेय."

"आत्ता."

"हो. आत्ता."

"आणि तुला? तुला नको का दिसायला?"

तिच्या डोळ्यांसमोर आईचा गुडघा आला, रस्त्यावरची वाहनं आली, अंधारात एकेक पायरी चढणारी आई आली. त्या दुपारी कुठे गेली होतीस, हा प्रश्न जिभेवर येऊन बसला. "हवंय," ती म्हणाली. "फार हवंय. पण मी ते घेणार नाही. तू दिलंस तर बघू."

आईने दोरा बोटाभोवती गुंडाळला. "तुझा दादा लहानपणी लपंडावात डोळे किलकिले ठेवून मोजायचा. मी ओट्याखाली लपले की सगळ्यांत आधी मला काढायचा, आणि नाचायचा. मी कधी म्हटलं नाही, तू बघत होतास म्हणून. म्हटलं, जाऊ दे, खूश होतोय." मग चष्मा काढून तिने डोळे पुसले; रडत नव्हती, चष्म्यामुळे डोळे दुखायचे. "त्याला सांगते मीच. संध्याकाळी घरी आले की फोन करीन, रोज. आले की. जाताना नाही करणार."

"आणि त्याने ऐकलं नाही तर?"

"तर येऊ दे गाडी घेऊन. मी घरी असेनच असं नाही."

ती हसली, सकाळपासून पहिल्यांदा. दोघींनी मिळून नाव टाकलं, जन्मतारीख टाकली. आईला ती दोनदा सांगावी लागली, कारण शाळेतली वेगळी होती आणि खरी वेगळी. मग पडद्यावर आलं, पासवर्ड निवडा. इतरांना ओळखता येणार नाही असा. आईने फोन नाकाजवळ नेला, ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि एकदम ताठ बसली.

"तू तिकडे तोंड कर," आई म्हणाली.

ती उठली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, पोपडे आलेल्या रंगापासून वीतभर अंतरावर. मागून बटणांचा आवाज आला. प्रत्येक अक्षराला एक टक्. आई सावकाश टाइप करत होती. एक टक्, मग शोधाशोध, मग दुसरी. दोन टकटकी लागोपाठ आल्या, म्हणजे अक्षर तेच, बोट हललं नाही. मग लांब विराम, म्हणजे आकड्यांकडे गेली असणार. आई आकडे कुठले घेईल? वडिलांच्या दुकानाचा नंबर, जुन्या घराचा, आणि मधे लागोपाठ दोनदा तेच अक्षर येणारं नाव म्हणजे... तिच्या डोक्याने हे सगळं ओळीने मांडायला घेतलंही होतं. आवाज बंद कर असं आईला सांगता आलं असतं, पण तो कसा करायचा ते दाखवायला वळावं लागलं असतं. तिने दोन्ही हात उचलले आणि तळवे कानांवर घट्ट दाबून धरले. आत तिचंच रक्त घुमू लागलं. मागे आई काहीतरी बोलली. झालं म्हणाली असेल, किंवा थांब म्हणाली असेल. ती वळली नाही.